पाणी आलं तर बल्ब पेटतो

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे पुढे गैरसमज नको. निष्कर्ष काढण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही! एकतीस वर्षं ठाण्याच्या एका सरकारी ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर बसले. पाकीट न फोडता, नुसतं पालथं करून सांगायचे, की आत तक्रार आहे, स्मरणपत्र आहे की बदलीसाठी रडकुंडीला आलेला मास्तर आहे. चुकले असेन तर वर्षातून एखादवेळी, तेही पाकीट फारच जाड असेल तर.

निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, वही राहिली. आता मी ठाण्यापलीकडच्या दिवा गावातल्या आमच्या साईछाया सोसायटीची आवक-जावक ठेवते. कोण किती वाजता आलं, कोणाच्या दाराबाहेर कोणाच्या चपला होत्या, कोणाकडे चार दिवसांसाठी आलेला भाचा सहा महिने झाले तरी पाहुणाच आहे, सगळं तारीखवार. आमचे हे, म्हणजे सुधीर, याला चोंबडेपणा म्हणतात. मी नोंद म्हणते. चोंबडेपणाला तारीख नसते, नोंदीला असते!

अशा बाईच्या हाती तर्कबुद्धीचं पुस्तक लागलं तर काय होईल? तेच झालं.

पुस्तक माझ्या मुलीचं, शिवानीचं. बँकेच्या परीक्षेसाठी ती ठाण्याला क्लासला जायची. त्या क्लासमधून तिनं दोन गोष्टी घरी आणल्या. एक हे पुस्तक आणि दुसरा दिपेश. दिपेश ठाण्यातल्या वर्तकनगरचा, गुणी मुलगा. दोघंही परीक्षा पास झाले, नोकरीला लागले, आणि पुस्तक मोकळं झालं ते मी घेतलं. पानंच्या पानं नुसती 'जर' आणि 'तर'. जर अमुक असेल तर तमुक असेल. आता तमुकावरून निष्कर्ष काढा. मला तर मेजवानीच!

एका दुपारी शिवानी माझी परीक्षा घ्यायला बसली.

"आई, हे बघ. 'बाबा घरी असतील तर टीव्ही चालू असतो.' आता टीव्ही चालू आहे. निष्कर्ष काय?"

"बाबा घरी आहेत."

"चूक."

"चूक कशी? जा, हॉलमध्ये बघ!"

तिनं बघितलं. टीव्ही चालू होता, चर्चेतले चार जण एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते, आणि समोरचा सोफा रिकामा! हे टीव्ही तसाच सोडून कोथिंबीर आणायला गेलेले.

"हा दोष पुस्तकाचा नाही," मी म्हटलं, "तुझ्या बाबांचा आहे."

"यार आई! बाबा असले तर टीव्ही, एवढंच माहीत आहे ना आपल्याला? टीव्ही आहे म्हणून बाबा असतीलच असं नाही. बाबा नाहीत म्हणून टीव्ही बंद असेल असंही नाही. हां, टीव्ही बंद असेल तर मात्र छातीठोक सांगायचं, बाबा घरी नाहीत."

"म्हणजे बाबा आहेत म्हणून टीव्ही चालू, हे एक खरं. टीव्ही बंद म्हणून बाबा नाहीत, हे दुसरं. चारातले दोनच धरायचे?"

"दोनच."

"आमच्या ऑफिसात चारही धरायचे," मी म्हटलं आणि पान उलटलं. हेच ते पान! मी जरा दमानं वाचलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

कोपऱ्यात बसून माझ्या सासूबाई, रखमाबाई, पावटे सोलत होत्या. वय ब्याऐंशी, मूळ रत्नागिरीकडच्या, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी वर न बघताच विचारलं, "ह्याचे पैसे देतात काय गो बँकवाले?"

असो. दिपेशच्या आई पहिल्यांदा बोलणी करायला आल्या तेव्हाची गोष्ट. त्या तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणं मोजकं, प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून खाली रेघ मारल्यासारखं. चहा घेता घेता म्हणाल्या, "विनिताताई, शिवानीला साखरपुडा तुमच्या गच्चीवर हवाय म्हणे. तुमच्याकडे पाणी असेल तर तुमच्याकडेच करू."

झालं! दिव्याच्या माणसाला ठाण्याच्या माणसानं पाण्याचं विचारणं म्हणजे मुलीच्या आईला मुलीचा रंग विचारणं. मी हसून "हो, हो, भरपूर!" म्हटलं, पण आतून पेटले. अर्थ उघड होता. पाणी नसेल तर वर्तकनगरचा हॉल! आणि जन्मभर ऐकायचं, की सुनेच्या माहेरी हात धुवायला पाणी नव्हतं.

मला हॉलचं वावडं नाही हो. पण शिवानीनं त्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून तीन वर्षं अभ्यास केला. उन्हं सरकली की ती सरकायची. दिपेशशी पहिलं भांडण त्याच टाकीमागे, फोनवर. "आई, मला दुसरीकडे कुठे नको गं," एवढंच म्हणाली होती. मागणं एवढंसं, आणि त्यात आडवं येणार पाणी!

आता आमच्या पाण्याची व्यवस्था थोडक्यात सांगते. नळाचं पाणी येतं तेव्हा येतं. ते तळघरातल्या टाकीत पडतं आणि मग पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवतात. नाही आलं तर टँकर. टँकरचं पाणी टाकीत सोडायची मात्र आमच्याकडे सोय नाही, कारण टाकीत सोडलं की तळमजल्याला पाचव्या मजल्याचा संशय आणि पाचव्याला तळमजल्याचा! म्हणून टँकरला नळी लावायची आणि सगळ्यांनी बादल्या, हंडे, पिंपं घेऊन रांगेत उभं राहायचं. डोळ्यांदेखत पाणी, डोळ्यांदेखत भांडण. त्या रांगेची नोंद माझ्याकडे.

पंप बघतो शिवराम. "पाणी आलं का?" या प्रश्नाला दिवसातून साठ वेळा उत्तर देऊन त्याचं डोकं फिरलं, तेव्हा त्यानं तळटाकीत एक तरंगता बॉल सोडला, त्याला वायर लावली आणि जिन्याच्या तोंडाशी एक लाल बल्ब टांगला. खाली पाटी: 'तळटाकीत पाणी आले तर बल्ब पेटेल. कृपया विचारू नये.' सोसायटीत तेव्हापासून शांतता.

साखरपुड्याचा रविवार उजाडला. पन्नास पाहुणे, गच्चीवर मांडव, आचारी आठ वाजता येणार. खबरदारी म्हणून नऊचा टँकर सांगून ठेवलेला. सकाळी सहाला मी दूध घ्यायला खाली उतरले आणि बघते तर काय, लाल बल्ब पेटलेला! अस्सा पेटलेला, की मला तो बल्ब नव्हे, साक्षात कुलस्वामिनीचं कुंकू दिसलं!

पाणी आलं तर बल्ब पेटतो. बल्ब पेटलाय. म्हणजे? म्हणजे पाणी आलंय!

मी तिथल्या तिथे टँकरवाल्याला फोन लावला. "दादा, आज नको. आमच्याकडे आलं पाणी."

"पक्कं ना मॅडम? कारण मग मी गाडी कल्याणला देतो."

"अहो, एकतीस वर्षं आवक बघितलीय मी. खुशाल द्या!"

मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. 'पाणी आले आहे. सर्वांनी निर्धास्त असावे. विनिता, तिसरा मजला.' खाली नाव घातलं, कारण नाव घातलं की लोक विश्वास ठेवतात. दुर्दैवानं ठेवला!

घरी येऊन ऐटीत घोषणा केली. हे दाढी करत होते, म्हणाले, "शिवरामला विचारलंस का?"

"पाटीवर काय लिहिलंय? विचारू नये!"

सासूबाई देवासमोर फुलं ठेवत होत्या. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं. त्या "हं"ची मी नोंद घेतली नाही.

पुढच्या दोन तासांत साईछाया सोसायटीनं जी स्वच्छता केली, तशी इमारत बांधल्यापासून झाली नसेल. माझ्या मेसेजवर विश्वास ठेवून पहिल्या मजल्यानं गोधड्या भिजवल्या. दुसऱ्यानं गॅलरी धुतली. चौथ्या मजल्यावरच्या मालूनं तर पडदे, पायपुसणी आणि नवऱ्याची मोटारसायकल, तिन्ही एकाच दमात! गच्चीवरच्या टाकीत होतं नव्हतं ते पाणी जिन्यावरून खळाळत रस्त्याला लागलं. मी गॅलरीतून कौतुकानं बघत होते. बघा म्हटलं, एका निष्कर्षानं किती घरं सुखी होतात!

सव्वाआठला वरून आचारी उतरला. हातात झारा, कपाळाला आठ्या.

"ताई, नळाला पाणी नाही."

"पंप लावला नसेल. आहे पाणी."

"पंप लावला. हवा येते."

"हवा? बल्ब पेटलाय!"

"ताई, बल्बात भात शिजत नाही," आचारी म्हणाला. "पिण्याचे जार मी आणलेत. पण तांदूळ धुवायचे, भाज्या, टोप, पन्नास माणसांचे हात... हे काय जारवर निघायचं? मला तासाभरात पाणी पाहिजे. नाहीतर मी लाडू ठेवून जातो, तेवढेच वाढा."

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. शिवराम तळटाकीचं झाकण उघडून, आत टॉर्च मारून बसलेला.

"शिवराम! पाणी कुठाय?"

"नाय आलं वैनी. परवापासून नाय."

"अरे, मग हा बल्ब?"

शिवरामनं बल्बाकडे बघितलं, मग वर जिन्याकडे. जिन्याच्या कठड्याला गुंडाळून, चमचम करत लायटिंगच्या माळा गच्चीपर्यंत गेलेल्या. साखरपुड्याच्या! माझ्याच ऑर्डरीच्या!

"मांडववाल्यानं माळा आपल्या बल्बाच्या वायरीला जोडल्यात वैनी. माळा चालू, बल्ब चालू."

माझ्यामागून शिवानी उतरून आली होती. अर्धे केस सरळ केलेले, अर्धे राहिलेले. तिनं पाटी वाचली, बल्ब बघितला, माझ्याकडे बघितलं.

"आई. पाणी आलं तर बल्ब पेटतो. बल्ब पेटला म्हणून..."

"कळलं! कळलं मला! टीव्ही आणि कोथिंबीर!"

टँकरवाल्याला फोन लावला. गाडी कल्याणला पोचलेली. "संध्याकाळी पाचला देतो मॅडम. तुम्हीच पक्कं म्हणालात." दुसऱ्या टँकरवाल्याला लावला, तो म्हणाला सोमवार. ग्रुपवर तोवर मेसेजांचा पाऊस. 'नळ गेला.' 'अंगाला साबण आहे, जबाबदार कोण?' 'गोधड्या भिजल्यात, काय करू?' आणि त्याखाली माझाच सकाळचा मेसेज कोणीतरी परत चिकटवलेला, नावासकट!

तेवढ्यात वर्तकनगरहून फोन. दिपेशच्या आई. "विनिताताई, आम्ही निघतोय. अकरापर्यंत पोचू. सगळं ठीक ना?"

"एकदम!" मी म्हटलं. आवाज असा निघाला, जसा रिकाम्या नळातून निघतो.

घरात बैठक बसली. हे म्हणाले, "अगं, सरळ सांगून टाकू. वर्तकनगरला हॉल मिळतोय का बघू. त्या म्हणाल्याच होत्या, पाणी असेल तर इकडे. नाहीये, तर नाही."

शिवानी उरलेले अर्धे केस हातात धरून खिडकीशी उभी राहिली. वर गच्चीवर झेंडूच्या माळा हलत होत्या त्यांची सावली समोरच्या भिंतीवर पडलेली, ती बघत. ओरडली असती तर बरं झालं असतं. गप्प मुलगी बघवत नाही हो.

मी वही उघडली. दुसरं काय करणार? देवाचं नाव घेतात तसं मी वहीचं पान उघडते. टँकरच्या रांगेची नोंद समोर आली. वर्षभरातले एक्केचाळीस टँकर, प्रत्येक तारखेला रांगेत कोण होतं, कितवं होतं, कोण मध्ये घुसलं. वाचता वाचता एक रकाना डोळ्यांत खुपला. रिकामा रकाना. तळमजला, भाऊ. एक्केचाळीस टँकर आणि भाऊंच्या घरातलं माणूस रांगेत शून्य वेळा! ना भाऊ, ना वहिनी, ना त्यांची एखादी कळशी!

"शिवानी!" मी ओरडले. "घरात पाणी नसेल तर माणूस रांगेत उभा राहतो. बरोबर?"

"हो, राहावंच लागतं."

"भाऊ रांगेत उभे राहत नाहीत. टीव्ही बंद! निष्कर्ष?"

शिवानीनं केस सोडले. तिचे डोळे मोठे झाले.

"भाऊंकडे पाणी नाही, असं नाही..."

"सरळ बोल गं!"

"भाऊंकडे पाणी आहे! आई, हे चालतं! हे पुस्तकात चालतं!"

"बहुतेक जार मागवत असतील," हे म्हणाले.

"जारमध्ये काय असतं, अहो? पाणीच ना? म्हणजे आहे! चला!"

आमची मिरवणूक जिना उतरली. पुढे मी वही घेऊन, मागे शिवानी, मागे हे, मग झारा घेतलेला आचारी, शेवटी शिवराम. वाटेत मालू भेटली, टाकी तिनंच संपवली म्हणून मी तिला चार शब्द सुनावले, तरी तीही भिजलेली पायपुसणी हातात धरून सामील झाली.

भाऊ मूळचे इथलेच, आगरी. ही इमारत त्यांच्याच वडिलोपार्जित जागेवर उभी. तळमजल्याचा फ्लॅट आणि मागचं पत्र्याचं कुंपण घातलेलं आवार त्यांचं. दारात झोपाळ्यावर बसून पेपर वाचत होते.

"भाऊ, तुमच्याकडे पाणी आहे," मी थेट म्हटलं.

पेपर खाली आला. "कोन बोल्ला?"

"वही बोलली. वर्षात एक्केचाळीस टँकर, तुम्ही एकदाही रांगेत नाही. ज्याच्याकडे पाणी नाही तो रांगेत असतो. तुम्ही नाही. म्हणून तुमच्याकडे आहे!"

"अवं, आमी पानी कमी वापरतो."

"कमी वापरता म्हणजे वापरता! वापरता म्हणजे आहे!"

"माजा भाऊस आनून देतो, कळव्यावरना."

"आणून दिलं म्हणजे घरात आलं! घरात आलं म्हणजे आहे!"

भाऊंनी झोपाळा थांबवला. पुस्तकातल्या सगळ्या पर्यायांवर फुली पडल्यावर परीक्षार्थी बघतो तसे छताकडे बघू लागले. मग एकदम त्यांना सुचलं. "टँकरच्या दिशी आमी आंघोलच नाय करत!"

आतून भाऊंच्या बायकोचा आवाज खणखणला. "काय पन बोलताव! रोज दोन-दोन बादल्या वतताव ना अंगावर!"

आचाऱ्यानं झारा खांद्यावर टाकला. "विषय संपला," तो म्हणाला.

भाऊ उठले. मागच्या आवारात गेले, आम्ही त्यांच्यामागे. तिथे एक गंजकी स्कूटर, तिच्याखाली पत्रा, पत्र्यावर सहा तुळशीच्या कुंड्या. कुंड्या बाजूला केल्या, स्कूटर ढकलली, पत्रा सरकवला. खाली काळ्या दगडाची, गोल, जुनी विहीर! आणि बारा-तेरा हातांवर आभाळाचा एक तुकडा हलत होता. पाणी!

"माज्या बापानं खनलेली बाव," भाऊ हळू आवाजात म्हणाले. "बिल्डिंग झाली तवा सगले येवाचे पानी न्यावाला. मी कदी नाय बोल्लो नाय. पन लोकांनी बाटल्या टाकल्या, चपला टाकल्या, कडेला भांडनं. बापाच्या बावीत कचरा! मंग मी बोल्लो, बुजवली. सगल्यांनी खरं मानला."

या माणसाबद्दल माझ्या वहीत चार ठिकाणी 'संशयास्पद' असं लिहिलेलं होतं.

"भाऊ," मी म्हटलं, "आज माझ्या पोरीचा साखरपुडा आहे. पाणी द्या. आणि उद्यापासून या विहिरीची वही मी ठेवते. कोण आलं, किती हंडे नेले, काय टाकलं, सगळं तारीखवार. कोणी बाटलीचं नुसतं बूच टाकलं ना, तर त्याचं नाव ग्रुपवर, फ्लॅट नंबरसकट!"

भाऊंनी वहीकडे बघितलं. एक्केचाळीस टँकरांचं पान अजून उघडं होतं. असा पुरावा ठेवणारी बाई विहिरीला मिळणं म्हणजे काय, हे त्यांच्या लक्षात येत गेलं. चेहरा हळूहळू उजळला.

"तुमी खरंच ठेवाल?"

"आई थांबणारच नाही, भाऊकाका," शिवानी म्हणाली. "आम्ही प्रयत्न करून पाहिलेत."

"न्या!" भाऊ म्हणाले. "पोरीचा कार्य हाय, न्या!"

शिवरामनं पहिली बादली काढली. आचाऱ्यानं ओंजळीत घेऊन वास घेतला, चूळ भरली आणि म्हणाला, "फक्कड! ह्याचा भात मोकळा होतो." मग काय विचारता! शिवरामनं गोडाऊनमधला जुना छोटा पंप काढून विहिरीत सोडला, पाइप जिन्यातून चढवला, आणि सव्वानऊला साईछायाच्या टाकीत पाणी पडल्याचा असा धबधबा वाजला, की चौथ्या मजल्यावर टाळ्या! साबण लावून बसलेल्या गृहस्थानं तर बाथरूममधूनच "विनिताताईंचा विजय असो!" अशी आरोळी ठोकली. तासाभरापूर्वी याच माणसानं 'जबाबदार कोण' विचारलं होतं. तेही नोंदलेलं आहे.

अकराला वर्तकनगरची मंडळी आली. गच्चीच्या दारातच मी दिपेशच्या आईंना नळाकडे नेलं. त्यांना हात धुवायचे होते की नाही देव जाणे, मी धुवायला लावले! नळ पूर्ण सोडला. साडीवर चार शिंतोडे उडाले, उडू दे म्हटलं. टाकीच्या सावलीत पाट मांडलेले, झेंडूच्या माळा, मोकळा भात, आणि शिवानी अशी हसत होती, की फोटोवाल्याला "स्माइल" म्हणावंच लागलं नाही. अंगठ्या झाल्या. दिपेशनं टाकीला हात लावून नमस्कार केला तेव्हा माझे डोळे जरा ओले झाले. विहिरीचं पाणी उडालं असेल.

जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना बल्बापासून बावीपर्यंत साद्यंत हकिगत सांगितली. भाऊंना पहिल्या पंगतीला बसवलेलं, ते प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. शेवटी मी दिपेशच्या आईंना म्हटलं, "ताई, तुमचा शब्द खाली पडू दिला नाही बघा. पाणी नसतं तर तुमच्या हॉलमध्येच करावं लागलं असतं!"

त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "असं मी कुठे म्हटलं होतं?"

"म्हणजे? पाणी असेल तर तुमच्याकडे, असं..."

"पाणी असेल तर तुमच्याकडे, हे म्हटलं. पाणी नसेल तर काय, ते मी बोललेच नाही, विनिताताई. ते तुम्ही लिहिलंत, माझ्या नावावर." त्यांनी चष्मा लावला. "तेव्हाही इथेच केला असता. डब्यातून जेवण आणलं असतं, पानांवर जेवलो असतो, आणि हात घरी जाऊन धुतले असते. पोरीला इथे हवा होता ना?"

शिवानीनं तोंडावर पदर दाबला. दिपेशनं हळूच विचारलं, "आई, हे आठवीला शिकवतेस ना गं?" त्या म्हणाल्या, "सहावीला."

त्यांचं मी मनावर घेतलं नाही. बाई चांगली आहे, आणि विहीर तर सापडली ना! त्या दिवसापासून साईछायानं टँकर बघितलेला नाही, भाऊंच्या आवारात रोज सकाळी रांग असते, पण सभ्य रांग, कारण कडेला खुर्ची टाकून मी असते. असा विजय आमच्या खानदानात कोणी मिळवलेला नाही, हे मी स्वतः सांगते.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात शिरले आणि बटाट्यांची टोपली सरकवायला ओट्याखाली वाकले. तिथे एक कळशी, काठोकाठ भरलेली. शेजारी पातेलं, तेही भरलेलं. मग मी शोधतच सुटले. पलंगाखाली हंडे, कपाटामागे बादल्या, पिठाच्या रिकाम्या डब्यात पाणी, कुकरच्या भांड्यात पाणी, माझ्या निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या चांदीच्या मुलाम्याच्या तांब्यात सुद्धा पाणी! सासूबाई पलंगावर पाय सोडून बसलेल्या, पान जमवत.

"आई! हे कधी भरलंत?"

"सकाळी. तू मेसेज टाकत होतीस तवा. वरच्या टाकीत होतं तवर भरून घेतलं."

"म्हणजे टाकी आठच्या आत आटली ती... आणि मी मालूला बोलले! पण मग आचारी बोंबलत होता तेव्हा सांगितलं का नाही?"

"वेळ आली असती तर काढलं असतं गो. पण तू वही घेऊन निघालीस. म्हटलं बघू तरी, ह्या वहीतनं कधी काय निघतं काय." त्यांनी पानाला चुना लावला. "निघालं हो! बरं झालं."

"पण मी सांगितलं होतं ना, पाणी आलंय म्हणून?"

"सांगितलंस की. मी तुझं खरं मानलं असतं, तर भांडी भरली नसती." पान तोंडात गेलं. "भांडी तर भरली."

पुस्तकाच्या नियमानं यातून एकच निष्कर्ष निघतो आणि तो शंभर टक्के वैध आहे. शिवानीनं तपासूनही दिला. मी मात्र तो वहीत लिहिलेला नाही. त्या तारखेला माझ्याकडे एवढीच नोंद आहे: 'भांडी एकूण तेवीस. सर्व भरलेली.'